देवघेवीची खिडकी : नकाशाचं पान

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले, की एकतीस वर्षं ठाण्यात लायब्ररी चालवल्यावर कुठलं पुस्तक किती वाचलं गेलंय ते मला उघडून बघावं लागत नाही, नुसती कड पाहिली की कळतं; आणि सगळ्यांत मळकी कड खजिन्याच्या कादंबऱ्यांची. झालं. परवा संपादकांनी जाडजूड पाकीट पाठवलं, वर चिठ्ठी : ‘हे तुम्ही ओढवून घेतलंत, तुम्हीच निस्तरा.’ तेव्हा या महिन्यात दुसरे प्रश्न नाहीत. ज्यांना सोन्याच्या हंड्यांत रस नाही त्यांनी सरळ पाककृतीच्या पानावर जावं.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याला सध्या फक्त खजिन्याच्या गोष्टी लागतात. परवा मी त्यातली एक वाचून पाहिली. कवटीच्या डोळ्यातून सूर्याचा किरण येतो, तो बरोबर एका दगडावर पडतो, भिंत सरकते आणि आत माणकं! एकही गोष्ट शक्य कोटीतली नाही. अशानं मुलगा वेडगळ होईल का? चांगलं काही कधी वाचेल? — एक आई, नाशिक

आधी त्याच्या हातातलं पुस्तक मिटा आणि उजेडात त्याची कड बघा. लायब्ररीचं असेल तर करडा पट्टा दिसेल. सुरुवातीची पानं बेताची मळकी. फाटका कागद किंवा नकाशा हाती लागतो तिथून पट्टा गडद होत जातो, गुहेच्या तोंडाशी अगदी काळाकुट्ट, आणि खजिना सापडला की एकदम पांढरं. शेवटची वीस-पंचवीस पानं, ज्यांत सोनं मोजतात, वाटण्या करतात, जहाजात भरतात, ती जवळजवळ कोरी. मुलांनी ती वाचली नाहीत असं नाही. एकदा वाचली. परत तिकडे कुणी फिरकलं नाही. सोन्यासाठी वाचत असती तर हे सगळं उलटं झालं असतं.

मग कशासाठी वाचतात? मला विचाराल तर कामासाठी. बारा वर्षांच्या मुलाला आपण काम देतो ते दूध आणायचं आणि क्लासला वेळेवर जायचं. पुस्तकातल्या मुलाला मात्र मोठी माणसं विचारतात, पाणी किती दिवस पुरेल, दोर किती हात लागेल, भरती किती वाजता. आणि त्याचं उत्तर चुकलं तर सगळे मरणार असतात. माणकं ही त्या कामाची सबब. सबब जितकी अचाट, तितकं काम बिनदिक्कत करता येतं.

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’चंच घ्या. १८८१ सालचा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर पाऊस थांबेना. शाळकरी सावत्र मुलगा घरात अडकलेला, म्हणून हा त्याच्याबरोबर रंगपेटी घेऊन बसला आणि एका बेटाचा नकाशा रंगवला. कादंबरी नंतर त्या नकाशातून निघाली. स्टीव्हन्सनचे वडील दीपगृहं बांधणारे इंजिनिअर. लिहिलेलं प्रकरण घरात मोठ्यानं वाचलं जायचं, आणि म्हातारबुवा ऐकता ऐकता पोराइतकेच रंगात आले. मेलेल्या खलाशाची पेटी उघडायचा प्रसंग जवळ आला तेव्हा पेटीत काय काय निघेल याची यादी त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर करून दिली. लेखकानं ती जशीच्या तशी वापरली. सोनं कुणीही कल्पू शकतं हो. पेटीच्या तळाशी काय काय असेल याची यादी करायला दीपगृहवाला लागतो.

माझ्या खिडकीतलंही एक सांगते. साधारण १९९२ असेल. रेल्वे क्वार्टर्समधला एक मुलगा आईच्या नावावरच्या कार्डावर पुस्तकं न्यायचा. त्यानं एडगर अॅलन पोच्या १८४३ सालच्या एका कथेचं संक्षिप्त रूपांतर वाचलं. त्यात सांकेतिक लिपीतला कागद आहे आणि नायक तो कसा सोडवतो तर चिन्हं मोजून. ‘8’ हे चिन्ह सगळ्यांत जास्त वेळा आलंय, इंग्रजीत सगळ्यांत जास्त येतो ‘ई’, म्हणजे 8 हा ‘ई’. मुलगा खिडकीशी आला, “काकू, मराठीत सगळ्यांत जास्त कुठलं अक्षर येतं?” मला काय माहीत! म्हटलं, मोज. चार दिवसांनी शंभर पानी वही घेऊन हजर. एका छापील पानावरचं झाडून सगळं मोजलेलं, रेघा मारून, पाच-पाचचे गठ्ठे करून. पहिला नंबर अक्षराचा नव्हताच. काना पहिला आला होता. मग काना हे अक्षर धरायचं की नाही यावर त्यानं माझ्याशी अर्धा तास वाद घातला आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका कावल्या. इतकं व्याकरण त्याला कुणी शाळेत शिकवलं असेल असं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्याशी बसून बोला. या जातीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत खजिना नेहमी दुसऱ्याच्या देशात असतो. तिथली माणसं एक तर ओझी वाहतात नाही तर भाले फेकतात, आणि दरीत पहिला पडतो तो हमाल. रायडर हॅगार्डची राजा सॉलोमनच्या खाणींची कादंबरी १८८५ सालची. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला हिरे सापडलेले होते आणि पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, तिथंच विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं. तेव्हा आफ्रिकेत जाऊन खणायचं ही इंग्लंडातल्या साहेबांसाठी नुसती कल्पना राहिली नव्हती. “हा हिरा मुळात कुणाचा होता रे?” एवढं एकदा सहज विचारा. प्रवचन नको. तो विचार करील, कारण अशी पुस्तकं वाचणारी मुलं हिशेबाला पक्की असतात.

चांगलं कधी वाचेल? काही मुलं पुढे वाचतात, बरीचशी नववी-दहावीनंतर काहीच वाचत नाहीत. तेव्हा आत्ता हातात आहे ते काढून घेऊ नका.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नातवाच्या आग्रहाखातर एक कादंबरी वाचली. चारशे वर्षं बंद असलेल्या भुयारात दगडी दार बोट लावताच सरकतं. भिंतीवरची मशाल काडी लावताच पेटते. आमच्या धरणाच्या दरवाजांना पावसाळ्याआधी ग्रीस लावलं नाही तर ते जागचे हलत नाहीत! लेखकांना कुणी जाब का विचारत नाही? — पुण्याहून

विचारतात की. तुम्ही आत्ता काय करताय?

माझे वडील म्हणत, थाप मारायची तर एकच, लोणकढी; बाकीचं सगळं खरं असावं. भुयारात खजिना आहे ही लोणकढी. ती आपण घोटभर पिऊन टाकली. आता दार, दोर, मशाल, हवा यांत लेखकानं खोटेपणा केला की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि वाटायलाच हवं. चांगला लेखक तिथं घाम गाळतो. दार तिघांना पहारीनं उचकटावं लागतं, एकाचं बोट चेंगरतं, आतली हवा कोंदट असते म्हणून आधी पेटता पोत दोरीनं खाली सोडतात. आळशी लेखक दार नुसतं सरकवतो. माझ्याकडे दोन्ही जातींची पुस्तकं होती, आणि दुसऱ्या जातीची कड वीस वर्षांनीही गोरीपान.

हॅगार्डनं भावाशी पाच शिलिंगांची पैज लावली होती, ‘ट्रेझर आयलंड’च्या तोडीची गोष्ट मी लिहून दाखवतो म्हणून. लिहिली झरझर, आणि आपटला कुठे, तर ग्रहणात. त्याचे नायक पंचांग बघून ठेवतात, ‘आम्ही सूर्य विझवतो’ म्हणून तिथल्या लोकांना धाक घालतात आणि झालेल्या काळोखाचा फायदा घेऊन निसटतात. आता खग्रास सूर्यग्रहणातला पुरा काळोख साडेसात मिनिटांच्या पुढे जात नाही. तेवढ्यात आपलं माणूस चपला शोधत असतं! पुढच्या आवृत्त्यांत त्यानं मुकाट्यानं सूर्यग्रहण काढलं आणि चंद्रग्रहण घातलं. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर तीच माणसं, तोच डोंगर, तोच खजिना, आणि एकीत सूर्य झाकलाय, दुसरीत चंद्र. खजिना खरा आहे का, हे त्याला कुणी विचारलं नसेल. ग्रहणाबद्दल मात्र त्याला माघार घ्यावी लागली.

तुमचा राग ग्रीसवर आहे, म्हणजे दार तुम्ही खरं धरून चालला होतात. नातवाला सांगू नका, पण पुस्तक तुम्हाला आवडलंय.

मी आठवीत आहे. चाचे खरंच बेटावर खजिना पुरायचे का? आमच्या समुद्रात असा खजिना असेल का? — अलिबाग

नाही रे बाबा, सहसा नाही. चाच्यांच्या हाती पैसा आला की तो दारूत, जुगारात आणि वाटण्यांत उडायचा. शिवाय त्यांच्या हाती मुळात लागायचं काय? कापड, साखर, अफू, लोखंड. साखर पुरून ठेवली तर मुंग्यांशिवाय कुणाचं भलं होणार?

खरोखर पुरलेला आणि नोंद असलेला प्रसिद्ध खजिना एकच, कॅप्टन किडचा. आणि त्याची गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची. किड हा स्कॉटिश माणूस, निघाला होता चाच्यांना पकडायला. सप्टेंबर १६९७ मध्ये तो कारवारला येऊन गेला. जानेवारी १६९८ मध्ये त्यानं मलबारच्या किनाऱ्याजवळ एक जहाज पकडलं, ते आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल घेऊन बंगालहून सुरतेला चाललं होतं. मलमल, रेशीम, साखर, अफू, सोरा. त्याच्या थोडं आधी, १६९५ मध्ये, हेन्री एव्हरी नावाच्या एका इंग्रजानं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटलं होतं, हजहून सुरतेला परतताना. गंज म्हणजे खजिना, आणि सवाई आपली ती सवाईच. त्या लुटीचा राग म्हणून सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या. एव्हरी नंतर गायब झाला तो झालाच. किडला मात्र सगळ्यांचं मिळून भरावं लागलं.

किडनं १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर बेटावर थोडं सोनं-चांदी पुरलं. ते काही आठवड्यांतच गव्हर्नरनं उकरून काढलं आणि पुरावा म्हणून लंडनला धाडलं. १७०१ मध्ये किड फासावर गेला. झाला खजिना. पण ‘किडनं पुरलं होतं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, ‘उकरलं’ हे विसरले, आणि त्यावर पुढे दीडशे-दोनशे वर्षं कादंबऱ्या निघाल्या. म्हणजे तू वाचतोस त्या बेटावरच्या पेटीत जे चमकतं, त्यातलं बरंचसं सुरतेकडे चाललं होतं.

आणि अलिबागच्या मुला, एक ध्यानात ठेव. ओहोटीला चालत जाऊन तू जो कुलाबा किल्ला बघतोस, तिथल्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज कागदांत चाचाच लिहितात. आपण त्यांना सरखेल म्हणतो. चाचा कुणाला म्हणायचं ते दौत कुणाच्या हाती आहे त्यावर ठरतं.

‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधला तुरुंगातला म्हातारा पाद्री गोव्याचा होता असं माझे मामा म्हणतात. मी पैज मारलीय. कोण जिंकलं? — मडगाव

मामा. निदान अर्धी पैज.

कादंबरीतला फारिया इटालियन आहे. पण ते नाव आलं आबे फारियांवरून, आणि ते जोझे कुस्तोदिओ दे फारिया, जन्म १७५६, गाव कांदोळी. लहान वयात वडिलांबरोबर लिस्बनला गेले, रोमला शिकले, पुढे पॅरिसला संमोहनाचे प्रयोग करून गाजले आणि १८१९ मध्ये तिथंच वारले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, हात पुढे रोखलेले आणि समोर कलंडलेली बाई. तो रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवला. मी लहानपणी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की तो तिला मारतोय.

त्यांची एक गोष्ट गोव्यात सगळे सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि समोरची मोठमोठी माणसं बघून वाचाच बसली. तेव्हा मागून वडील कोंकणीत कुजबुजले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोराची जीभ सुटली.

आता माझी टिप्पणी, पैजेत नसलेली. द्युमानं १८४४ ते ४६ मध्ये ही कादंबरी वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्यानं लिहिली, आणि खजिन्याचा पत्ता त्यानं याच माणसाच्या नावाकडे दिला. अर्धा जळका कागद, उष्णतेनं उमटणारी शाई, जळून गेलेल्या निम्म्या ओळी पाद्र्यानं अंदाजानं भरलेल्या. खरे आबे फारिया काय सांगत होते, माहीत आहे? की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही शक्ती नसते. त्याच्या हातातून काही वाहत नाही. झोपणारा झोपतो, कारण त्याच्या मनानं तसं घेतलेलं असतं. त्या काळी पॅरिसमध्ये हे पटणारे थोडे होते. मला मात्र वाटतं, चौदा वर्षं कोठडीत राहून, प्रेताच्या जागी स्वतःला पोत्यात शिवून समुद्रात फेकला गेलेला माणूस जिवंत निघतो आणि बेटावर जाऊन कुबेर होतो, हे हजारभर पानं वाचणाऱ्यांना विश्वासात घ्यायला कांदोळीच्या माणसाचंच नाव हवं होतं.

मामांना शहाळं पाजा.

आमच्या जुन्या वाड्यात हंडा आहे असं काकांच्या मनानं घेतलंय. एक बाबा येऊन गेला, अमावास्येला खणायचं ठरलंय, ‘वस्तू’ लागतील म्हणाला, पैसे घेतले. काका वाचनवेडे. म्हणतात, इतक्या पुस्तकांत उगाच लिहिलंय का? तुम्ही अशी पुस्तकं चांगली म्हणता, आता तुम्हीच सांगा. — गावाचं नाव छापू नये

हे पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही मला बरोबर पकडलंत.

आधी कामाचं. आजच्या आज पोलिसांत जा, अमावास्येची वाट बघू नका. गुप्तधन शोधून देतो म्हणून अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तो बाबा ‘वस्तू’ म्हणतोय त्या काय, हे त्याला स्पष्ट विचारा, साक्षीदार ठेवून. नारळ-लिंबापासून सुरू होतं आणि कुठवर जातं ते आपण पेपरात वाचतो. घरात लहान मुलं असतील तर त्या दिवसांत त्यांना मामाकडे पाठवा. माझ्या बोलण्याचा राग आला तरी चालेल.

काकांना दुसरा कायदा सांगा, १८७८ चा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. न कळवता दडवलं तर वर्षभरापर्यंत कैद, दंड, आणि आपला हिस्साही जातो. बाबाला हंडा दिसतो, तर त्याला म्हणावं, कलेक्टर कचेरीत अर्ज करू, मग खणू. तो बाबा त्या दिवसानंतर तुमच्या गावात दिसला तर मला कळवा.

माझे वडील पायाळू होते. पायांकडून जन्मलेले. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत तेव्हा आमच्या कोकणात घट्ट होती. सहा-सात वर्षांचे असल्यापासून त्यांना लोक मागून न्यायचे, बैल मागतात तसे. एकदा त्यांच्या चुलत्यानंच नेलं, सड्यावरच्या एका पडक्या घरात. रात्री, डोळ्यांत काजळासारखं काहीतरी घालून. ते झोंबत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. चुलता पुनःपुन्हा विचारी, काय दिसतंय? काय दिसतंय? बाकीची माणसं कुदळी घेऊन उभी. वडिलांना कंदील दिसत होता आणि जोत्याच्या दगडावरून चाललेली मुंग्यांची रांग दिसत होती. त्यांनी घाबरून मुंग्यांकडे बोट केलं. लोकांनी तिथं खणलं. कमरेइतका खड्डा झाला, एक फुटकं जातं निघालं, आणि पहाटे शेजारची भिंत कलली ती एकाच्या पायावर आली. तो माणूस पुढे जन्मभर लंगडा चालायचा. वडिलांना रस्त्यात दिसला की ते दुसऱ्या गल्लीनं जायचे. सत्तरी उलटल्यावरसुद्धा त्यांनी मला हे सांगितलं ते एकदाच, आणि लंगड्या माणसाचं नाव सांगितलं नाही.

आणि हाच माणूस खजिन्याच्या कादंबऱ्या वाचण्यात गुंग असायचा. नाथमाधवांची ‘वीरधवल’, बाबूराव अर्नाळकर तर हातात सापडतील तेवढे, इंग्रजीची रूपांतरं. आई चिडायची. मी लायब्ररी काढली तेव्हा त्या कपाटाची पहिली भर त्यांच्याच ट्रंकेतली होती. मला ते कोडं वाटायचं, ज्याला लहानपणी असं नेलं त्याला यात गोडी कशी? आता असं वाटतं की त्या दोन गोष्टी एक नव्हेतच. पुस्तकातलं पोर स्वतः नकाशा वाचतं, मोजतं, चुकतं, सुधारतं. अंजन घातलेल्या पोराला कुणी काही वाचू देत नाही, त्यानं फक्त बघायचं असतं. बाबा तेच करतोय. तो तुमच्या काकांना नकाशा देत नाही, हिशेब देत नाही. ‘मला दिसतंय’ एवढंच म्हणतो. असल्या लेखकाला मी माझ्या कपाटात जागा दिली नसती. काका वाचनवेडे आहेत ना? मग त्यांना विचारा, या गोष्टीतलं तुमचं काम कुठलं?

आणि अशा स्वप्नांना मोठी माणसंही भुलतात, काकांना एकट्याला लाज वाटायला नको. २०१३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात डौंडिया खेड्याला एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं, आणि तिथं थेट भारतीय पुरातत्त्व खात्यानं खणलं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या, भजीची दुकानं, सगळं आलं. सोनं आलं नाही.

पोलिसांत गेलात की मला कळवा. गावाचं नाव छापणार नाही.

प्रश्न नाही, कबुली आहे. १९८९ साली तुमच्या लायब्ररीतल्या ‘ट्रेझर आयलंड’च्या मराठी रूपांतरातला नकाशा मी फाडला. कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. आता मुलगी तेच पुस्तक वाचतेय. दंड किती होतो? — एक जुना सभासद, सध्या मुक्काम न्यू जर्सी

तुम्ही पहिले. त्या प्रतीचा नकाशा पुढे आणखी दोनदा गेला, तेव्हा फार मोठेपणा वाटून घेऊ नका.

तुम्ही पान नेलंत तेव्हा मी दुसऱ्या लायब्ररीतून तेच पुस्तक मागून आणलं, ट्रेसिंग पेपर ठेवून नकाशा उतरवला, तीन लाल फुल्या लेकीच्या स्केचपेनानं काढल्या आणि बाइंडरकडून तो खळीनं आत चिकटवून घेतला. सहा रुपये दिले होते. स्टीव्हन्सनचंही असंच झालं होतं, त्याचा पहिला नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला. मग आपलीच कादंबरी पुन्हा चाळून, कुठे टेकडी, कुठे खाडी, त्याच्या बरहुकूम त्याला वडिलांच्या कचेरीत नवा काढवून घ्यावा लागला. त्याला तो कधी आपला वाटला नाही.

माझा मला फार आवडला होता. आठ दिवसांनी एक मुलगी पुस्तक परत करायला आली, तिसरी-चौथीतली, खिडकीपर्यंत हात पोचेना म्हणून टाचा उंचावून उभी. पुस्तक देता देता म्हणाली, “काकू, या नकाशात उत्तर दिशा चुकलीय. ते जातात तसं गेलं तर माणूस पाण्यात पडतं.”

सहा रुपये पाठवा. व्याज नको.